रत्नागिरीला पाठवा!

कोकणात एखादा माणूस जरा विचित्र वागू लागला की चेष्टेने म्हणतात, "याला आता रत्नागिरीला पाठवा!" मुंबईकर याच अर्थाने ठाण्याचे नाव घेतो आणि पुणेकर येरवड्याचे. तिन्ही ठिकाणी मनोरुग्णालये आहेत, तेव्हा चेष्टेचा उगम शोधायला फार लांब जावे लागत नाही.

पण रत्नागिरीच्या बाबतीत या वाक्याचा अर्थ एवढ्यावर संपत नाही. इंग्रजी अमलात रत्नागिरीला केवळ मनोरुग्णच पाठवले गेले असे नाही. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा बायकामुलांसह इथे पाठवला गेला. अंदमानातून परत आणलेले राजबंदी इथे ठेवले गेले. कुष्ठरोग्यांसाठी वेगळे आवार इथे उभे राहिले. ज्याला नजरेआड करायचे त्याला ठेवायला हे गाव सोयीचे, असे सरकारला वाटत असावे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री. पावसाळ्याचे चार महिने बोटी बंद. रेल्वे तर या गावाला संपूर्ण इंग्रजी अमलात मिळाली नाही. कोकण रेल्वे सुरू होऊन मुंबई आणि मंगळूर जोडले गेले ते १९९८ मध्ये.

आम्ही काही विज्ञानाचे आणि इतिहासाचे शिक्षक मिळून नववी ते बारावीच्या मुलांना घेऊन रत्नागिरीत एक फेरी काढतो. बरेचसे अंतर पायी, थोडे रिक्षाने. आंबा, काजू आणि समुद्रकिनारा हे विषय त्या दिवसापुरते बाजूला ठेवतो. या गावाचा वैद्यकीय इतिहास आणि या गावात कधी काळी कुजबुजत बोलल्या गेलेल्या गोष्टी एकत्र बघायच्या, असा बेत असतो. या दोन गोष्टी एकत्र का, असा प्रश्न मुले सुरुवातीला विचारतात. संध्याकाळपर्यंत तो कोणी विचारत नाही.

निघण्यापूर्वी प्रत्येकाला वहीच्या पानावर चार प्रश्न लिहायला सांगतो. कोणाला दूर ठेवले? कोणी ठरवले? कोणत्या पुराव्यावर? आणि त्या माणसाला परत येण्याची वाट होती का? पुढचे प्रत्येक ठिकाण या चार प्रश्नांच्या चाळणीतून काढायचे.

मांडवीचा धक्का

सुरुवात मांडवीच्या धक्क्यापासून. 'मांडवी' म्हणजे जकातीचे ठाणे. मुंबईतही एक मांडवी आहे, आणि आपल्या गोष्टीची सुरुवात त्या मांडवीत होते. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांना तिथल्या रुग्णांमध्ये तीव्र ताप आणि जांघेतल्या गाठी दिसल्या. हा गाठीचा प्लेग आहे असे त्यांनी सांगितले. त्यांचे निदान सरकारला आणि व्यापाऱ्यांना मुळीच आवडले नाही, कारण बंदराची बदनामी म्हणजे व्यापाराचे नुकसान. परंतु निदान बरोबर होते. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोकांनी मुंबई सोडली.

मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत काम करणाऱ्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेल्या लोकांचा भरणा फार मोठा होता. त्यांची परतीची वाट म्हणजे आगबोट. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला आणि प्रवाशांना अडवणे, तपासणे, वेगळे ठेवणे असे व्यापक अधिकार सरकारी अधिकाऱ्यांना मिळाले. बंदरांवर आणि स्टेशनांवर माणसांच्या बगला आणि जांघा तपासल्या जाऊ लागल्या. बायकांची अशी तपासणी हा त्या काळातला सर्वांत संतापाचा विषय होता. पुण्यात तो संताप कुठवर गेला हे आपल्याला ठाऊक आहे. २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली आणि त्याच वर्षी लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. टिळकांचे जन्मस्थान मांडवीपासून लांब नाही. मुलांना तेही दाखवतो.

इथे विज्ञानाच्या शिक्षकाने पुढे यायचे. प्लेगचा जिवाणू यर्सिनने १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला होता. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे १८९७ मध्ये कोणालाच नक्की माहीत नव्हते. १८९८ मध्ये पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवले की उंदरावरच्या पिसवा हा रोग वाहून नेतात. त्याच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या कामामुळे ही गोष्ट मान्य झाली. म्हणजे धक्क्यावर माणसांच्या बगला तपासणाऱ्याच्या पायाशी तांदळाची पोती उतरत असत आणि पोत्यांतले उंदीर कोणी तपासत नसे!

मग प्रवासी वेगळे ठेवणे चूक होते का? मुलांना हा प्रश्न विचारला की बहुतेक जण 'हो' म्हणतात. आम्ही त्यांना घाई करू देत नाही. गाठीचा प्लेग मुख्यतः पिसवांमार्फत येतो हे खरे. पण प्लेग फुप्फुसात गेला तर खोकल्यातूनही पसरतो. रोगाची बाधा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण आठवडा जातो, त्यामुळे तेवढे दिवस माणसावर लक्ष ठेवण्यात अर्थ असतो. 'क्वारंटाइन' हा शब्द चाळीस या आकड्यावरून आला. इटलीतल्या बंदरांत जहाजे चाळीस दिवस थांबवत. तो आकडा धार्मिक समजुतीतून आणि अनुभवातून आला होता, जिवाणूच्या अभ्यासातून नव्हे. आज आपण दिवस ठरवतो ते त्या त्या रोगाच्या अधिशयन काळावरून.

२०२० मध्ये मुंबईहून गावी आलेले चाकरमानी चौदा दिवस शाळेच्या वर्गात राहिले, हे आमच्या मुलांनी पाहिलेले आहे. काहींनी त्यांना लांबून डबे नेऊन दिले आहेत. तेव्हा चार प्रश्नांची उत्तरे ती स्वतःच देतात. कोणाला? बाहेरून आलेल्यांना. कोणी ठरवले? सरकारने आणि गावाने. पुरावा? होता. परतीची वाट? चौदा दिवसांनी घर. पहिले उत्तर मिळाले. दूर ठेवणे नेहमीच अन्याय नसते. मुदत आणि कारण माहीत असले पाहिजे.

तुरुंग आणि मंदिर

दुसरा थांबा रत्नागिरीचा तुरुंग. अंदमानातून हिंदुस्थानात आणल्यावर वि. दा. सावरकरांना १९२१ ते १९२३ या काळात इथे ठेवले होते. १९२४ मध्ये त्यांची सुटका झाली ती दोन अटींवर. रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचे नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही. या अटी १९३७ पर्यंत टिकल्या. गंमत अशी की सुटकेच्या वर्षीच रत्नागिरीत प्लेग आला आणि त्यांना काही काळ नाशिकला जाण्याची परवानगी मिळाली. जिल्ह्याची सरहद्द ओलांडायला राजबंद्याला सरकारी हुकूम लागे. उंदराला आणि पिसवेला तो लागत नसे.

तुरुंग पाहून आम्ही पतितपावन मंदिराकडे जातो. भागोजीशेठ कीर यांनी स्वतःच्या पैशाने बांधलेले हे मंदिर १९३१ च्या फेब्रुवारीत सर्व जातींच्या लोकांना खुले झाले. वैद्यकीय इतिहासाच्या फेरीत मंदिर कशाला? कारण इथे 'विटाळ' आणि 'संसर्ग' या दोन शब्दांतला फरक समजावता येतो. दोन्ही शब्द स्पर्शाविषयी बोलतात. संसर्गाला मात्र पुरावा लागतो. कोणता जीव, कोणत्या मार्गाने, किती दिवसांत, हे सांगावे लागते. आणि पुरावा बदलला की नियम बदलावा लागतो. विटाळाला यातले काहीच लागत नाही. तो जन्माने चिकटतो आणि औषधाने जात नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले, त्यांच्यासाठी चार प्रश्नांपैकी तिसऱ्याचे उत्तर 'कोणताही नाही' असे आहे आणि चौथ्याचे 'नव्हती' असे. पुढच्या थांब्यांवर मुलांनी एक गोष्ट लक्षात ठेवायची. माणसे संसर्गाचे नाव घेतात तेव्हा मनात अनेकदा विटाळ असतो.

मनोरुग्णालय

तिसऱ्या ठिकाणी आम्ही दारापाशी घोळका करत नाही आणि आत तर जातच नाही. लंडनच्या जुन्या बेडलम इस्पितळात अठराव्या शतकात लोक पैसे देऊन वेडे बघायला जात. आपण त्यांतले नाही, एवढे सांगून मुलांना जवळच सावलीत बसवतो.

हे इस्पितळ १८८६ मध्ये सुरू झाले. तेव्हाच्या भाषेत 'वेड्यांचे इस्पितळ'. त्या वेळी १८५८ चा कायदा लागू होता. रस्त्यावर भटकणारा किंवा धोकादायक वाटणारा वेडा पोलिसाने मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचा आणि मॅजिस्ट्रेटने डॉक्टरच्या दाखल्यावर त्याला इस्पितळात धाडायचे, अशी पद्धत होती. म्हणजे येण्याची वाट पोलीस चौकीवरून जात होती. आजारी माणूस आणि गुन्हेगार यांच्यातली रेघ पुसट होती ती इथूनच.

आणि उपचार? १८८६ मध्ये डॉक्टरच्या हाती झोपेची आणि गुंगीची थोडी औषधे होती. बाकी भिंत, नियमित जेवण, बागकाम किंवा विणकाम. मनोविकारावर खऱ्या अर्थाने परिणाम करणारे पहिले औषध, क्लोरप्रोमाझिन, वापरात आले ते १९५२ मध्ये. मधली पासष्ट वर्षे इस्पितळ चालवणाऱ्यांना दुष्ट ठरवणे सोपे आहे. पण त्यांच्या हाती दुसरे काय होते, हेही विचारले पाहिजे.

इथे आम्ही मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत एक मोठा गट अशा रुग्णांचा होता ज्यांना आधी मोठेपणाचे भास होत, मग बोलणे अडखळे, मग अंग लुळे पडे आणि काही वर्षांत मृत्यू येई. दुर्वर्तन, दारू, आनुवंशिक दोष अशी अनेक कारणे सांगितली जात. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे, म्हणजे सिफिलिसचे, जिवाणू दाखवले. तरुणपणी झालेला रोग अनेक वर्षांनी मेंदूत पोचत होता. पेनिसिलीन आल्यावर वेडाचा हा प्रकार जवळजवळ नाहीसा झाला. ज्या रोगाचे नाव घरात उच्चारायची चोरी होती, तो रोग एका साध्या इंजेक्शनला भीक घालू लागला. उशीर झाला त्यातला काही भाग अज्ञानाचा होता आणि काही भाग लाजेचा. लाजेमुळे माणूस डॉक्टरकडे जात नाही, आणि गेला तरी खरे सांगत नाही.

आज कायदा कुठे आहे? १८५८ नंतर १९१२ चा, मग १९८७ चा आणि आता २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. असा नियम कागदावर यायला किती माणसांचे प्राण गेले, हे सांगण्यासाठी तमिळनाडूतल्या एरवाडीचे नाव पुरे. तिथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्यामुळे गेले. याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, ती आम्ही मुलांकडून वहीत लिहून घेतो. घरचे न्यायला येत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्याच कारणाने कोणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. अशी तरतूद करावी लागली, यातच सगळे आले. औषधाने बरा झालेला माणूस दाराशी पिशवी घेऊन उभा असतो आणि पत्र टाकूनही घरून कोणी येत नाही, हा देशभरच्या मनोरुग्णालयांचा अनुभव आहे. परतीची वाट डॉक्टरने उघडलेली असते. ती दुसऱ्या टोकाला बंद असते.

कुष्ठालयाची गोष्ट

त्याच सावलीत आम्ही चौथी गोष्ट सांगतो. मुंबईचे गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीत कुष्ठालय उभे राहिले. त्या काळी कोकणात हा रोग बराच होता, आणि मुंबईच्या रस्त्यांवर आढळणाऱ्या निराधार कुष्ठरोग्यांत कोकणातून आलेले पुष्कळ असत.

कुष्ठरोग कशाने होतो, यावर तेव्हा मोठा वाद होता. १८६७ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने मत दिले की हा रोग संसर्गाने पसरत नाही. नॉर्वेतला मोठा तज्ज्ञ डॅनिएलसन हा आनुवंशिकतेच्या बाजूचा होता. मुंबई इलाख्यात या रोगाची माहिती गोळा करण्याचे काम डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी केले. हे तेच कार्टर, ज्यांनी 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या १८५८ मधल्या जगप्रसिद्ध ग्रंथाची चित्रे काढली होती. त्याच वर्षी ते मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. पुढे १८७३ मध्ये ते नॉर्वेला गेले. तिथे आरमाउर हॅन्सेन या तरुण डॉक्टरला रुग्णांच्या गाठींत काडीसारखे सूक्ष्म जिवाणू दिसले होते. कार्टरनी ते काम पाहिले आणि हा रोग संसर्गजन्य आहे, रुग्णांना वेगळे ठेवले पाहिजे, असा आग्रह हिंदुस्थानात धरला.

इथे एका बदनामीची गोष्ट येते, आणि ती खुद्द हॅन्सेनची आहे. जिवाणूमुळेच रोग होतो हे सिद्ध करायचे तर तो दुसऱ्या प्राण्यात घालून रोग निर्माण करून दाखवावा लागतो. प्राण्यांत ते जमेना. १८७९ मध्ये हॅन्सेनने आपल्या इस्पितळातल्या एका रुग्ण बाईच्या डोळ्यात, तिची संमती न घेता, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश सुईने टोचला. बाईने तक्रार केली. १८८० मध्ये न्यायालयाने हॅन्सेनला दोषी ठरवले आणि त्याला इस्पितळातली जागा गमवावी लागली. ज्याच्या नावाने आज या रोगाला 'हॅन्सेनचा रोग' म्हणतात, त्याची ही बाजू पाठ्यपुस्तकात सहसा नसते. मुलांनी ती ऐकावी असे आम्हांला वाटते. सिद्धान्त बरोबर होता, कृत्य चूक होते. दोन्ही वाक्ये एका माणसाविषयी एकाच वेळी खरी असू शकतात. आणि एका गरीब रुग्ण बाईचे म्हणणे प्रसिद्ध शास्त्रज्ञाविरुद्ध ग्राह्य धरले गेले, हेही विसरू नये.

मग कायदा आला. १८८९ मध्ये हवाई बेटांवर कुष्ठरोग्यांची सेवा करणारे फादर डेमियन त्याच रोगाने वारले आणि इंग्लंडात घबराट पसरली. १८९०-९१ मध्ये एक आयोग हिंदुस्थानात फिरला. त्याचा निष्कर्ष असा की रोग संसर्गाने होत असला तरी तो धोका फार थोडा आहे. तरी १८९८ मध्ये कायदा झाला. त्याची तरतूद नीट ऐका. पकडून कुष्ठालयात ठेवायचे ते 'निराधार' कुष्ठरोग्याला, म्हणजे भीक मागणाऱ्याला किंवा ज्याला चरितार्थाचे साधन नाही त्याला. घरची स्थिती बरी असलेला रुग्ण घरी राहू शकत होता. इथे नववीतला मुलगाही लगेच विचारतो, "जिवाणूला काय कळतं कोण श्रीमंत ते?" त्याच्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात नाही. कायद्याला रोग्यापेक्षा भिकारी नजरेआड करायचा होता.

आज आपल्याला काय माहीत आहे? कुष्ठरोगाचा जिवाणू अतिशय मंद वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला बारा ते चौदा दिवस लागतात, तर आतड्यातल्या नेहमीच्या जिवाणूंना वीस-पंचवीस मिनिटे. म्हणून रोग दिसायला पाच, कधी वीस वर्षेही जातात. चाळीस दिवसांच्या क्वारंटाइनचा इथे काही उपयोग नाही. शंभरांतल्या सुमारे पंचाण्णव माणसांत या जिवाणूविरुद्ध उपजतच प्रतिकारशक्ती असते. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार सुरू झाला. तो घेऊ लागल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून दुसऱ्याला धोका राहत नाही. औषध सहा महिने किंवा वर्षभर आणि रोग बरा. म्हणजे १९८० च्या दशकानंतर कुणाला गावाबाहेर ठेवण्याचे शास्त्रीय कारण उरले नाही. १८९८ चा कायदा मात्र २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते, ते वैयक्तिक कायद्यांतून २०१९ मध्ये काढले गेले. औषध आणि कायदा यांच्यातले हे अंतर मोजा. तीस-पस्तीस वर्षांचे आहे.

राजवाडा

दुपार कलली की आम्ही थिबा राजवाड्यावर येतो. भाट्याच्या खाडीवर नजर टाकणाऱ्या टेकाडावर ही लालसर इमारत उभी आहे. आज तिथे वस्तुसंग्रहालय आहे.

१८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले आणि ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला आधी मद्रासला व १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणले. वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले तेच हे वर्ष. चोवीस वर्षे राजघराणे बंगल्यांतून राहिले आणि १९१० मध्ये या वाड्यात आले. राजा, राणी सुपयालत, तिची बहीण व राजाची धाकटी राणी सुपयागले, आणि चार मुली. थोरल्या दोघी मंडालेत जन्मलेल्या, तिसरी मद्रासला आणि चौथी रत्नागिरीत. त्यांना शाळा नव्हती, बरोबरीच्या मैत्रिणी नव्हत्या. राजघराण्यातला ब्रह्मी वर इथे मिळणे अशक्य होते. त्या वयात आल्या आणि तशाच राहिल्या.

१९०६ मध्ये थोरल्या राजकन्येला मुलगी झाली. मुलीचा बाप गोपाळ सावंत, राजाच्या दारावरचा दरवान, आधीच लग्न झालेला. गावात केवढी कुजबुज झाली असेल! राजघराण्यावर देखरेख करणारे सरकारी अधिकारीही गोंधळले. मुलीचे नाव टुटू. पुढे धाकटीने, म्हणजे दुसऱ्या राजकन्येने, राजाकडे काम केलेल्या एका ब्रह्मी तरुणाशी लग्न करायचे ठरवले. वडिलांचा सक्त विरोध होता. १९१६ च्या अखेरीस तिने घर सोडून सरकारी अधिकाऱ्याच्या बंगल्यात आश्रय घेतला आणि त्याच डिसेंबरात थिबा हृदयविकाराने वारला. तिने १९१७ मध्ये त्या तरुणाशी लग्न केले.

"मुलीने बापाचा जीव घेतला," असे सांगणारे सांगत आले. विज्ञानाच्या शिक्षकाला इथे बोलावेच लागते. एकामागून एक घडले म्हणून पहिल्यामुळे दुसरे घडले असे होत नाही. राजाच्या हृदयावर तीस वर्षांची कैद होती, रिकामे दिवस होते, घटत जाणारे दागिने आणि वाढत जाणारे कर्ज होते. त्या रात्रीचा धक्का खरा असेल. पण कारणांची यादी करायची तर मुलीचे नाव पहिले येत नाही. मुलांना वहीत लिहायला सांगतो: या घराला दूर कोणी ठेवले होते?

वाड्यातून निघून शेवटी शिवाजीनगरातल्या समाधीपाशी येतो. राजाचा मृतदेह मायदेशी नेऊ द्यावा, अशी राणीची इच्छा होती. सरकारने नकार दिला. मेलेला राजासुद्धा ब्रह्मदेशात धोक्याचा वाटत होता. धाकटी राणी १९१२ मध्ये वारली होती. दोघांच्या शवपेट्या अखेर १९१९ च्या मार्चमध्ये इथे ठेवल्या गेल्या आणि मग राणीला रंगूनला जाऊ दिले. तिकडे रंगूनमध्ये दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर १८६२ पासून मातीत होता. इंग्रजांनी दोन राजांची जणू अदलाबदल केली. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन या समाधीवर येऊन गेले.

थोरली राजकन्याही १९१९ मध्ये आईबरोबर रंगूनला गेली होती. पण ती थोड्याच काळाने मुलीला घेऊन परत आली. रत्नागिरीला! कोणी पाठवले नव्हते. तिचे उरलेले आयुष्य गरिबीत गेले आणि १९४७ मध्ये ती इथेच वारली. टुटू मराठी बोलत, मराठी संसार करत २००० सालापर्यंत जगली. जिच्या जन्माची एके काळी कुजबुज झाली, ती गावाची एक आजी होऊन गेली. शिक्षेसाठी निवडलेले गाव एका बाईला घर वाटले, हे सरकारच्या कोणत्याही फायलीत बसणारे नाही.

तुमच्या गावात

शिक्षकमित्रांनो, ही फेरी करायला रत्नागिरीलाच यायला हवे असे नाही. प्रत्येक तालुक्याच्या गावाला आपली एक 'रत्नागिरी' असते. प्लेगच्या वेळी लोक झोपड्या बांधून राहिले तो माळ असेल, जुने संसर्गजन्य रोगांचे इस्पितळ असेल, क्षयरोग्यांचे आरोग्यधाम असेल, गावकुसाबाहेरची वस्ती असेल. म्हाताऱ्या माणसांना विचारा, जुने नकाशे बघा. जिवंत घराण्यांची नावे मात्र गोळा करू नका. इतिहासासाठी त्यांची गरज नाही. चार प्रश्न पुरतात. पहिल्या तिघांची उत्तरे मुले दप्तरात आणि पुस्तकांत शोधतील. चौथा प्रश्न त्यांना घरी घेऊन जाऊ द्या. आपल्या ओळखीत कोणी बरा होऊनही परत आलेला नाही काय?

आमच्या फेरीत बसस्टँडवर निरोप घेताना दरवर्षी कोणीतरी सवयीने दुसऱ्याला म्हणतो, "तुला ना, रत्नागिरीला पाठवायला हवं." मग तो जरा थांबतो. आम्ही काही बोलत नाही.